म्झे फाकींचा नांगर

"अगं, सुकाणू कुठं वळवतेस? बुड्या मारायची जागा डावीकडे आहे," शिडाची दोरी आवळत मकामे म्हणाला.

"आज आधी उजवीकडे," झुवेना म्हणाली. सुकाणू तिच्या काखेत होतं, त्यामुळे होडीनंही तिचंच ऐकलं.

शाळेला सुटी लागल्यापासून तिघांनी हा दिवस ठरवला होता. मकामेच्या काकांची होडी, दिवसभर समुद्र आणि पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो याची शर्यत. मकामे सांगायचा, की एकदा तो इतका वेळ खाली राहिला, की वर आला तेव्हा बहिणीचं लग्न उरकून मांडवही सुटला होता. त्याचा चुलतभाऊ शामे होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून मांदाझींची पुरचुंडी सांभाळत होता. म्हणजे ते गोड वडे एकेक करून संपवत होता.

झुवेनाच्या डोक्यात मात्र कालपासून बीबी होती, तिची आजी.

ऑक्टोपस नीट वाढावेत म्हणून गावानं उत्तरेचा खडक काही महिने बंद ठेवला होता. हद्दीवर एक पिवळं पिंप तरंगत होतं, तळाच्या दगडाला बांधलेलं. पिंपापलीकडे कुणी भाला टेकवायचा नाही, असा नियम. उद्या सकाळच्या ओहोटीला खडक उघडणार होता आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन उतरणार होतं. फक्त बीबी नाही. काल ती पिंपापलीकडे बिळात काठी घालताना दिसली आणि पंचांचे म्होरके, वडीलधारे म्हणून सगळे ज्यांना म्झे म्हणत त्या फाकींनी चारचौघांत तिला चोर ठरवलं. उद्या खडकावर पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं.

बीबीनं एवढंच सांगितलं होतं, "मी पिंप बघत नाही. मशिदीचा मनोरा गोरखचिंचेच्या बुंध्याआड गेला की तिथं हद्द. जन्मभर तिथंच थांबले, कालही तिथंच थांबले." म्हातारीची नजर गेली, असं म्हणून लोक हसले होते.

होडी पिंपाला टेकली. झुवेनानं किनाऱ्याकडे पाहिलं. गोरखचिंच एकीकडे, मनोरा दुसरीकडे. दोघांच्या मधून एक हत्ती निघून गेला असता.

"पिंपच सरकलंय," ती म्हणाली.

मकामे बुडी मारायला उठला. "आजी कुणाची?" एवढंच विचारून तिनं पाण्यातला चष्मा चढवला आणि उडी घेतली.

पहिल्या बुडीत कान ठणकले आणि ती वर आली. मकामे पुन्हा उठला, तिनं मान हलवली. दुसऱ्या वेळी ती दोरी धरून हात हात उतरत तळाला पोचली. तिथं दगड होता. त्याच्यामागे समुद्रगवतात लांबच लांब ओरखडा गेला होता, उत्तरेकडून थेट इथवर. आणि दगडाच्या दोरीत एक नांगर अडकला होता. निळा, एक आकडा तुटलेला, कापलेल्या दोराचा तुकडा लोंबत असलेला.

वर येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा शामेच्या घशात मांदाझी अडकला. तो नांगर सगळं गाव ओळखत होतं. तो किनाऱ्यावरून चोरीला गेला, असं म्झे फाकी हल्ली ज्याला त्याला सांगत होते. आधी चोर एक होता, मग तीन झाले. काल ऐकलं तेव्हा सात होते आणि त्यांतला एक माडाएवढा उंच.

मकामेला लगेच जाऊन बोंब ठोकायची होती.

"ते म्हणतील, चोरांनी इथं टाकला," झुवेना म्हणाली. "आपण काहीच सांगायचं नाही. त्यांनाच दाखवू दे."

किनाऱ्यावर माणसं उद्यासाठी टोपल्या विणत बसली होती. झुवेना सरळ म्झे फाकींसमोर उभी राहिली. सलाम करून म्हणाली, "शिकामू, म्झे. तुमचा नांगर सापडलाय. पाण्यात आहे, आम्हाला ओढवेना."

"माझा नांगर!" म्झे फाकींनी पोक्त माणसाला न शोभणारी उडी मारली. नवा नांगर घ्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. कुणी काही विचारायच्या आत त्यांची होडी पाण्यात होती. मागोमाग गंमत बघायला आणखी होड्या सुटल्या. झुवेनानं बीबीला आपल्या होडीत घेतलं.

म्झे फाकींनी ना डावीकडे पाहिलं, ना उजवीकडे. बाण सुटावा तसे ते पिवळ्या पिंपाशी गेले, शीड गुंडाळलं आणि पाण्यात वाकले. "इथंच असेल बघा, दोरीत!"

झुवेना हळूच म्हणाली, "म्झे, कुठं आहे ते आम्ही सांगितलंच नव्हतं."

म्झे फाकी वाकलेले तसेच राहिले. मग टोपी काढून हातात चुरगाळत म्हणाले, "जरा डोळा लागला होता."

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. पिंपाजवळ नांगर टाकून ते झोपले. वारा सुटला, होडी दगडासकट दक्षिणेला ओढली गेली. जाग आल्यावर नांगर निघेना, म्हणून दोर कापला आणि लाजेपोटी चोर जन्माला घातले. दगड सरकला असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"वाऱ्यानं कसला सरकतोय," मागच्या होडीतून कुणीतरी म्हणालं. "याच्या घोरण्यानंच शीड फुगलं असणार."

दोन जण बुडी मारून ओरखडा बघून आले. सगळ्यांनी मिळून दगड उचलला आणि होड्या उत्तरेकडे निघाल्या. बीबी उभी राहिली, हात कपाळावर धरून. "अजून... अजून थोडं... बस." मनोरा गोरखचिंचेआड गडप झाला. नजर गेली म्हणणारे आता पाण्याकडे बघत होते.

म्झे फाकींनी सगळ्यांसमोर बीबीची माफी मागितली. त्यांना उद्या खडकबंदी करा, असं कुणीसं म्हणालं.

"नको," बीबी म्हणाली. "पुढच्या बंदीत पिंपाची राखण त्यानंच करावी. आणि त्याची राखण या पोरांनी."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला गाव काठावर थांबलं आणि बीबीला पुढे केलं. वडीलधाऱ्यांनी झुवेनाच्या डोक्यावर हात ठेवले, मकामेच्या काकांनी तर सुटीभर होडी देऊन टाकली. बीबीनं पहिला ऑक्टोपस काढला आणि नातीच्या टोपलीत टाकला.

"दुसऱ्या बुडीत पोचलीस म्हणे," ती म्हणाली. "तुझ्या वयाची असताना मी तिसऱ्या बुडीत पोचले होते."

पुढची बंदी लागली तेव्हा म्झे फाकी पिंपापासून लांब नांगर टाकून राखणीला बसले. शेजारच्या होडीत शामे होता, हातात पाण्यानं भरलेली करवंटी घेऊन. वारा पडलेला असताना म्झे फाकींचं शीड जरा जरी फुगलं, की तो नेम धरायचा.