मशीनची मधली खुंटी

तळोधीच्या मोटार स्टँडवर नथ्थूचं चहाचं हॉटेल होतं. त्याची पाटी त्याने स्वतःच रंगवायला घेतली आणि 'नथ्थूचे चहाचे हॉ' इथपर्यंत आल्यावर त्याला कंटाळा आला. सहा वर्षं झाली, पाटी तशीच. गिऱ्हाईकंही मग 'चल, हॉवर बसू' म्हणायला लागली. घरात अर्धी विणलेली खाट, मागे अर्धी खणलेली विहीर. एक ना धड, भाराभर चिंध्या. माणूस मात्र लाख मोलाचा, उधारी मागायलाही विसरायचा.

अशा माणसाचा जीव जडला रामाजीभाऊच्या कमळावर. आणि कमळाचाही त्याच्यावर, ही त्याहून नवलाची गोष्ट.

पोरगी द्यायला नाही म्हणायची रामाजीकडे दोन कारणं होती. एक खुद्द नथ्थू. दुसरं रामाजीच्या अंगणात उभं होतं.

ती होती रामाजीच्या थोरल्या बहिणीच्या, रुखमाबाईच्या लग्नाची मेढ. मोहाचा गोल खांब. वीसपंचवीस वर्षांमागे मांडव पडला, हळद लागली, गोरज मुहूर्ताला जंगलातल्या वाटेने वरातीच्या बैलबंड्या आल्या. नवरदेवाची दमणीही आली. बैल शांत, झूल जागच्या जागी, आणि बैठकीवर नुसतं बाशिंग. नवरदेव वाटेत कुठे उतरला, का उतरला, कोणाला ठाऊक नाही. आठ दिवस जंगल पालथं घातलं, चप्पलसुद्धा सापडली नाही. आता लग्न लागल्याशिवाय मेढ उपटत नाहीत, आणि एक मेढ उभी असताना त्या अंगणात दुसरी गाडत नाहीत. मांडवाची पानं कधीच कुजून गेली. मेढ तेवढी राहिली. तिला आता वासरू बांधत.

रुखमाबाई मोठी फटकळ. कोणी कीव केली की म्हणायची, "मी त्याले एकदाच पाह्यलं, पाहणीच्या जेवणात. सारं जेवला अन् वांग्याच्या फोडी तेवढ्या पत्रावळीच्या काठावर मांडून ठेवल्या. ओळीनं, बाप्पा! वांगं न खाणारा मानूस आपल्या झाडीपट्टीत टिकला असता का?" सगळे हसायचे. ती मात्र रोज दिवेलागणीला मेढीपाशी दिवा ठेवायची.

त्या वर्षी दिवाळीआधी बल्लारपूरकडच्या एका कोळसा खाणीवरचा साहेबांचा क्लब मोडीत निघाला. नथ्थू लिलावात गेला तो भजनी मंडळासाठी पेटी आणायला. आणली भलतीच पेटी. लांबट, तिरपी, वर काच, आत पितळी खिळ्यांचं रान, खळग्यांपुढे आकडे आणि बाजूला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी उडते, खिळ्यांवर आपटत खाली येते, नशिबात असेल त्या खळग्यात पडते. लिलाववाला त्याला पिनबॉल म्हणाला. तळोधी त्याला गोळीचं मशीन म्हणाली. दोन पायांना वाळवी, स्प्रिंग गंजलेली, घंटा गायब, गोळ्यांपैकी एकच शिल्लक. आणि मधोमध जी जाड खुंटी असायची तिथे नुसतं भोक.

"काय करशीन याचं?" रामाजीने विचारलं.

"दुरुस्त करीन. मंडईत लावीन." मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा.

रामाजी इतका हसला की त्याला तंबाखूचा ठसका लागला. "नथ्थू, तू हे पुरं करून मंडईत साऱ्यांपुढं चालवून दाखव. पह्यलं कारण गेलं म्हून समज. दुसऱ्याचं देव पाहीन."

झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. नथ्थू कामाला भिडला.

दुरुस्तीतलं त्याला ओ की ठो येत नव्हतं. शेजारचा सायकलवाला मन्सूर त्याचा गुरू. पहिल्या दिवशी नथ्थूने सगळे खिळे उपटून घासले, आणि कोणता कुठला हे विसरला. दुसऱ्या दिवशी स्प्रिंग उलटी बसवली. दांडा सुटला तो थेट त्याच्या पोटात. "मशीन दुरुस्त होऊन राह्यली का तू नादुरुस्त होऊन राह्यला?" मन्सूर म्हणाला. पण काय आश्चर्य, नथ्थूने या खेपेला सोडलं नाही. पाय बदलले. सायकलची घंटा बसवली. राहिली मधली खुंटी. सागवानाची केली, फाटली. बांबूची केली, पिचली.

मग एका दुपारी कमळाला पाहायच्या निमित्ताने तो रामाजीच्या अंगणात गेला आणि त्याची नजर मेढीच्या शेंड्यावर पडली. वाळून लोखंड झालेलं लाकूड. रामाजी बैलाच्या सौद्यात गुंतला होता. "भाऊ, थोडं लाकूड घेऊ का?" नथ्थूने विचारलं. रामाजीने न बघताच हात हलवला. नथ्थूने बोटभर तुकडा कापला.

उभ्या मेढीला कोयता लावू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण जिला रोज वासरू बांधलेलं पाहिलं, ती नथ्थूच्या लेखी खुंटाच होती.

खुंटी भोकात गेली ती जणू तिथलीच. नथ्थूने दांडा ओढला. गोळी वर गेली, खाली उतरली, आणि मधल्या खुंटीभोवती फिरली. एक फेरा, दोन, तीन... सात फेरे झाले आणि मग ती सावकाश खालच्या खळग्यात जाऊन बसली.

"जमलं!" नथ्थू ओरडला. "मन्सूर, पाह्य पाह्य! काय हात हाये माहा!"

मन्सूरने पुन्हा ओढायला लावलं. पुन्हा सात. त्याने मशीनच्या पायाखाली वीट सारली. पुन्हा सात. दरवेळी खुंटी उजव्या हाताला ठेवून, देवळात फिरतात तशी.

"नथ्थूभाई," तो हळूच म्हणाला, "अर्ध्या फेऱ्यात गोळी चढावर जाते. काऊन जाते?"

"स्प्रिंग जोरदार हाये ना."

"स्प्रिंग तर खाली राह्यली." मन्सूरने हात पुसले. "मले समजत नाई. अन् जे समजत नाई त्याचं मी पंक्चर काढत नाई."

नथ्थूला मत्सराचा वास आला. दुसरा वास आला तो काच उघडल्यावर. ओल्या हळदीचा. 'कमळाच्या आठवणीनं येत असन,' असं स्वतःला सांगून तो लाजलादेखील.

मग घंटा वाजायला लागली. ढोरं गावात परतायच्या वेळी, धूळ सोनेरी झाली की, मशीनजवळ कोणी नसताना एकच टोला. टण्ण. गिऱ्हाईकं म्हणायची, "नथ्थू, तुह्या मशीनले भूक लागली." नथ्थू हसायचा. पण मंडईच्या आदल्या दिवशी त्याने कोणाला न सांगता पक्कड घेतली आणि खुंटी उपटून पाहिली. खुंटी तसूभर हलली नाही. पकडीचा दात मात्र तुटला.

मंडईला अख्खी झाडीपट्टी लोटली. पाहुणेरावळे, सोयरिकी, मुरमुरे, दंडारीचे ढोलके. नथ्थूने हॉटेलपुढे मशीन मांडून वर झेंडूची माळ घातली. ऊन कलताना रामाजी आला. मागे कमळा, आणि तिच्यामागे रुखमाबाई. एरवी ती मंडईला येत नसे.

"दाखव बाप्पा," रामाजी म्हणाला.

नथ्थूने दांडा ओढला. गोळी वर गेली आणि गडगडत तळाला. एकही फेरा नाही, एकही खळगा नाही. पुन्हा ओढला. तळाला. मन्सूरने ओढला, रामाजीने ओढला. तळाला. लोक खदाखदा हसायला लागले. "अर्धंच राह्यलं वाटते!" कोणीतरी ओरडलं. रामाजीने जोडे घातले. कमळाचे डोळे भरून आले, आणि ते पाहून नथ्थूला भर मंडईत रडू फुटलं. पोटातून रडला बिचारा. आयुष्यात एक गोष्ट पुरी केली होती, तीही दगा देत होती.

"सरका," रुखमाबाई म्हणाली. "मले ओढू द्या."

गावाकडे ढोरं परतत होती. धूळ उठली होती. तिने दांडा ओढला आणि सोडला.

गोळी वर गेली. खाली आली. खुंटीभोवती वळली.

एक फेरा.

हसणं थांबलं.

दुसऱ्या फेऱ्याला कमळाने नथ्थूचा दंड धरला. "दोन हायेत," ती म्हणाली.

नथ्थूने डोळे पुसून पाहिलं. मशीनमध्ये गोळी एकच होती. त्यानेच रोज पुसली होती. आणि काचेखाली दोन फिरत होत्या. एक पुढे, एक मागे. मधलं अंतर सारखं, पदराला गाठ मारल्यासारखं.

तीन. चार.

ढोलकं बंद पडलं.

पाच. सहा.

रुखमाबाईने डोक्यावर पदर घेतला.

सातवा फेरा पुरा झाला. टण्ण.

गर्दीतल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "सावधान!" आणि लग्नातल्या माणसांचे हात जसे आपसूक उठतात तसे साऱ्यांचे हात उठले. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने टाकलं. मशीनवर, रुखमाबाईवर, मुरमुऱ्यांचा पाऊस पडला.

मन्सूरने काच उघडली. खळग्यात गोळी एकच होती. पिवळी झालेली. त्याने तिला हात लावला नाही.

"झालं," रुखमाबाई म्हणाली आणि घराकडे निघाली. पायवाट चांगली रुंद होती, तरी ती एका कडेने चालत होती, शेजारी जागा ठेवून.

सकाळी रामाजीच्या अंगणात मेढ आडवी पडलेली होती. खड्डा स्वच्छ, कडा न ढासळलेल्या. वासरू तिथेच रवंथ करत बसलं होतं. रामाजीने खड्ड्यात वाकून पाहिलं. मग तडक हॉटेलवर आला आणि चहा न घेताच म्हणाला, "नथ्थू, दोन्ही कारणं गेली. फाल्गुनातला मुहूर्त पाहू. अन् ते पाटीवरचं 'टेल' तेवढं लिहून टाक, पाहुणे हसतीन."

नथ्थूने त्याच दिवशी लिहिलं.

फाल्गुनात लग्न झालं. नवी मेढ गाडली, गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, उशीर नाही, विघ्न नाही. मन्सूरने घंटांनी सजवलेल्या सायकलवरून नवरदेव मिरवला. मग भात, वरण, बुंदी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती बसल्या. रुखमाबाई हिरवा चुडा भरून बायकांच्या पंगतीत टोकाला बसली आणि वाढप्याला म्हणाली, "इथी दोन मांड."

मंडईपासून कोणी तिला काही विचारत नव्हतं. वाढप्याने शेजारच्या रिकाम्या जागेपुढे दुसरी पत्रावळ मांडली आणि नजर वर न करता वाढून पुढे गेला. नथ्थू आणि कमळा घास भरवण्याच्या गडबडीत, हसण्यात, उखाण्यात. तिकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही.

पंगत उठल्यावर कमळा आत्याच्या पाया पडायला गेली. तिच्या शेल्याला गाठ होती, म्हणून नथ्थूही मागोमाग गेला. रुखमाबाई हात धुवायला उठली होती. दोन्ही पत्रावळी तिथेच होत्या. दोन्ही चाटूनपुसून साफ.

दुसरीच्या काठावर वांग्याच्या फोडी मांडून ठेवल्या होत्या. ओळीने.