रिकाम्या हुकाचं वजन

देवळाच्या फाटकातून खेकडा आत नेताना कानाएने श्वास रोखून धरला होता. खेकडा म्हणजे तिची क्रेन. लोखंडी पाय पोटाशी मुडपून घेतले की ती इतकी अंग चोरते, की घराच्या दारातूनही आत जावी. तरी या जुन्या लाकडी फाटकात दोन्ही बाजूंना मिळून तळहाताएवढीच जागा उरत होती. कमरेला रिमोट बांधून कानाए मागून चालत होती. पुढे, तिच्याकडे तोंड करून, ओगुमा-सान उलटे चालत खुणा करत होते.

"ये... ये... बोटभर डावीकडे. अगं, श्वास घे की! तू पडलीस तर हे धूड कोण ओढणार?"

"तुम्हीच. शहाऐंशी किलो आहात."

"ते सकाळचं. मधे दोन मांजू खाल्लेत, चांगले गोड सारणाचे."

पांढऱ्या खडीवर त्यांचे बूट करकर वाजत होते. तो आवाज कानाएला फार आवडायचा. वास्तुकलेची पदवी घेऊन ती या कामावर आली, तेव्हा कबुतर फडफडलं तरी दचकायची. बाकीचे हसायचे. ओगुमा-सान एकटेच म्हणाले होते, "घाबरट माणसाच्या हाती यंत्र असलं की मी निर्धास्त जेवतो." क्रेनचं सगळं त्यांनीच शिकवलं. आणि एक नियम तर पहिल्याच दिवशी: "खूण एकाचीच मानायची, नेमलेल्या माणसाची. पण 'थांब' ही खूण कुणाचीही असो, मानायची. पोराची असो, वेड्याची असो. आधी थांबायचं, मग विचारायचं, कोण रे तू."

घंटाघर देवळाच्या मागे होतं, डोंगराच्या अगदी कडेला. चार जाड खांब, वर आडवी तुळई, तिच्यावर छप्पर. तिथवर रस्ता नव्हता, म्हणून तर खेकड्याला बोलावलेलं. तोगावा मिस्त्रींच्या सुतारांनी छपराची कौलं आधीच उतरवून माथ्याशी मोकळी जागा ठेवली होती आणि खांबांना चहूबाजूंनी टेकू दिले होते. तुळईला घंटा नव्हती. लोखंडी कडीत एक लांबट काळा धोंडा लटकत होता.

महायुद्धाच्या काळात सरकारने गावोगावच्या घंटा वितळवायला नेल्या, तेव्हा बऱ्याच देवळांनी असे धोंडे टांगले. घंटाघर बांधतानाच घंटेचं वजन धरलेलं असतं. ते वजन गेलं की वाऱ्याने खांब हलू लागतात. आता वसंतात नवी घंटा यायची होती. त्याआधी आज धोंडा उतरवायचा, एवढंच काम.

दुपार असून धुकं इतकं दाटलं होतं की देवदारांचे शेंडे दिसत नव्हते. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ओल्या लाकडाचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास साचून राहिला होता.

देवळाच्या वृद्ध मालकीणबाई, तात्सुए-सान, चहाचं तबक घेऊन आल्या. चहा दिला, आणि मग एक मांजू उचलून घंटाघराच्या कठड्यावर ठेवला. कुणाला तरी वाढावा तसा.

"देवाला का?" कानाएने विचारलं.

"नाही गं. भाऊजींना." त्यांनी वर तुळईकडे पाहिलं. "माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. शून्एइ त्यांचं नाव. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. घंटा नेली आणि लगेच वादळाचे दिवस आले. धोंडा अजून मिळाला नव्हता. मग गावातली माणसं पाळीपाळीने तुळईवर जाऊन बसायची. तेवढंच वजन."

"मग?"

"भाऊजी त्यांच्या पाळीला वर गेले. पुढचा माणूस आला तेव्हा खाली त्यांच्या चपला होत्या, शिडी होती. वर कुणी नव्हतं... पण घंटाघर हलत नव्हतं. त्यानंतर कधीच हललं नाही."

"आणि हा धोंडा?"

"तो लोकांच्या डोळ्यांसाठी. रिकामी तुळई बघवत नव्हती ना." त्यांनी कप गोळा केले. "सासूबाई रोज मांजू ठेवायच्या. आता मी ठेवते. जरा हळूच उतरवा हं."

तोगावा मिस्त्री अदबीने वाकले, आणि त्या वळताच हसून म्हणाले, "आता डोळ्यांसाठी नको, माझे टेकू आहेत."

काम सुरळीत झालं. ओगुमा-सान तुळईवर चढले, धोंड्याला पट्टे बांधले, पांढऱ्या हातमोज्याने खूण केली. कानाएने तसूभर उचललं, त्यांनी कडी सोडवली, आणि धोंडा धुक्यातून खाली फळ्यांवर अलगद टेकला. रिमोटच्या पडद्यावरचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला. घंटाघर कुरकुरलंसुद्धा नाही.

"बघितलंत? टेकू!" मिस्त्री म्हणाले.

ओगुमा-सान शिडीवरून खाली आले. पट्टे सोडले. आता ती जुनी कडी उतरवायची होती. त्यांनी खालूनच हात फिरवला: हूक वर घे.

रिकामा हूक डुलत वर गेला. तुळईच्या बरोबरीला पोचला, आणि वर, धुक्यात, एक हात दिसला. उघडा तळहात. डावी-उजवीकडे हलला. थांब.

कानाएचं बोट आपसूक उचललं गेलं.

"का थांबवलंस?" ओगुमा-सान तिच्या शेजारीच उभे होते.

"कुणीतरी थांब म्हणालं."

"कोण? वर कुणी नाहीये."

"ओगुमा-सान... हे बघा."

पडद्यावर अठ्ठेचाळीस आला होता. रिकाम्या हुकावर अठ्ठेचाळीस किलो. दोर मघासारखा डुलत नव्हता. ताठ उभा होता.

ओगुमा-सानांनी पडद्यावर टिचकी मारली. आकडा हलला नाही. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उतरव."

"पण क्रेनने माणूस उतरवायचा नसतो, तुम्हीच..."

"मी माणूस म्हटलं का? उतरव. सावकाश."

तिला मिस्त्रींना हाक मारता आली असती. पण तिच्या मनात त्या मांजूचा विचार आला. इतकी वर्षं कुणी कठड्यावर ठेवतं, आणि कुणी वरून नुसतं बघतं. झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा तिने हूक उतरवला. तो जमिनीजवळ आला. अठ्ठेचाळीस. मग शून्य.

खडी वाजली. करकर... करकर. बारीक पावलं, अनवाणी असावीत अशी. ती स्वयंपाकघराच्या दिशेने गेली. तिथे तात्सुए-सान तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तबक खाली ठेवलं आणि कमरेत वाकून, कपाळ गुडघ्यांपर्यंत नेऊन, नमस्कार केला. त्यांच्या समोर कुणीही नव्हतं.

आणि मग घंटाघर कण्हलं.

वारा नव्हता. तरी चारही खांब मुळापासून हलले. एक टेकू निसटून खडीवर आदळला, मग दुसरा. तुळई कानाएच्या बाजूला कलली. तिच्या मागे दरी, पुढे खेकड्याचे पसरलेले पाय. पळायला वाट नव्हती. मिस्त्री ओरडत होते, "सरक! अगं सरक बाजूला!" पण तिचे पाय उचलेनात.

ओगुमा-सान धावले. बाहेर नाही, आत. शिडी थरथरत होती, तरी ते चढले आणि तुळईवर मांडी टाकून सगळ्या अंगानिशी बसले.

घंटाघर थांबलं. बोलता बोलता माणूस गप्प व्हावा, तसं.

"ओगुमा-सान, उतरा!"

"उतरलो तर तुझ्या डोक्यावर येईल हे." त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. "मांजू खाऊ नका म्हणायचीस ना? आता बोल. धोंडा परत दे. आणि घाई करू नकोस."

तिने धोंडा उचलला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तिची नजर त्या पांढऱ्या हातमोज्यावरून ढळली नाही. वर... वर... बोटभर... थांब. कडी अडकली. सुतारांनी नवे टेकू ठोकले. मग ओगुमा-सान उतरले, एकेक पायरी, आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक होता.

"कानाए," ते हळूच म्हणाले, "मी खाली आलो ना?"

"असं काय विचारता? आलात की."

"हं." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मग ठीक."

मिस्त्रींनी काम थांबवलं. पायाखालची माती खचली असेल, तपासून मग बघू, असं काहीसं ते बोलत होते. कानाएने मान हलवली आणि खेकडा मिटवायला घेतला. रिकामा हूक तुळईच्या जवळून मागे आला. सवयीने तिने पडद्याकडे पाहिलं.

शहाऐंशी.

तिने हूक खाली आणला नाही. आणायचं धाडसच झालं नाही, की आणायलाच हवा होता, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. तिने तो तुळईपासून दूर सरकवला. आकडा गळून शून्यावर आला, आणि वर लाकडाचा बारीकसा आवाज झाला. कुणीतरी परत बसल्यासारखा.

खेकड्याने पाय मुडपले. ओगुमा-सान नेहमीसारखे पुढे झाले, तिच्याकडे तोंड करून, उलटे चालत. ये... ये... तोंडातून आवाज येत नव्हता, फक्त हात हलत होता. खडी करकर वाजत होती. कानाए थांबली, तेव्हा आवाजही थांबला. ते मात्र चालत होते.

तात्सुए-सान तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते आणि चेहऱ्यावर फार जुनी चिंता मिटल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी तिचा हात धरला.

"पोरी," त्या कुजबुजल्या, "तुमच्या त्या ओगुमा-सानांना... सारण कुठलं आवडतं?"

कानाएने फाटकाकडे पाहिलं. ओगुमा-सान उंबरठ्याशी पोचले होते. तिथेच, आतल्या बाजूला, ते उभे राहिले. एकदा बाहेरच्या वाटेकडे वळले, पुन्हा तिच्याकडे. वाट चुकलेल्या माणसासारखे. मग त्यांनी उघडा तळहात वर केला. डावी-उजवीकडे हलवला.

तिने यंत्र बंद केलं.