शेकापुरता विस्तव

पटलं नाही तर सोडून द्या. पण मनाने रचलंय असं मात्र म्हणू नका, कारण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी आत्या आहे. महाडला राहते. आणि मी हे लिहितेय तोवर तिच्या घरातलं ते प्रकरण मिटलेलं नाही.

याच वर्षीच्या पौषातली गोष्ट. जागा, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट. वेळ तिन्हीसांजेची.

चारुआत्याचे यजमान, यज्ञेश्वरकाका, शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, काकांनी जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीट काढल्या, फळ्या ठोकून बिछाना केला आणि मागच्या दाराशी छोट्या सिलिंडरवर चालणारी एका बर्नरची शेगडी बसवली. आत्या सगळ्यांना सांगायची, ह्यांनी माझं स्वयंपाकघर चाकांवर चढवलं म्हणून.

एकच पंचाईत होती. घाटात वारा असा की काडी पेटायची, आणि शेगडीपर्यंत पोचायच्या आत विझायची. आत्या वैतागून जायची.

मग काकांनी डोकं लावलं. बाजारातून ठिणगी पाडणारं दाबायचं बटण आणलं. शेगडीच्या पुढच्या पट्टीला ड्रिलने भोक पाडून त्यात ते बसवलं, वायर मागून फिरवली आणि चिनी मातीची पिन बर्नरच्या कडेला आवळली. आधी ठिणगी भलतीकडेच, खालच्या पत्र्यावर उडत होती. पिन जरा वाकवून जवळ आणली, तेव्हा कुठे जमलं.

टक... की निळी ज्योत.

काका लहान मुलासारखे खूश. ह्याला सेल लागत नाही की वीज लागत नाही, असं ते येईल त्याला समजावत. आत एक खडा असतो, दाबलं की त्यावर हातोडी आपटते आणि ठिणगी पडते. बोटाने दाबल्याशिवाय ते वाजूच शकत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. आत्याला ते आता झोपेतही ऐकू येतं.

त्यांची लेक देवश्री पुण्याला असते. तिचं पहिलंच बाळंतपण, म्हणून ती आठवड्याभरात माहेरी यायची होती. ती आली की कुठे हलता येणार नाही, तेव्हा एकदा बटणाचं उद्घाटन करून येऊ, असा काकांचा बेत. दोघं घाटात निघाले आणि एका रुंद वळणावर गाडी लावली.

सूर्य डोंगराआड गेला होता. आत्याने चहाचं आधण ठेवलं. बटण दाबलं. टक... पहिल्या फटक्यात पेटली.

आणि वारा पडला.

एकदम. पानसुद्धा हलेना. रस्त्यावर एवढा वेळ गाड्यांची ये-जा चालू होती, तीही थांबली.

"विस्तव हाय का गो?"

आत्या दचकून वळली. गाडीच्या मागे एक बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत ओचा, डोक्यावर पदर, हातात फुटकं खापर. वय आत्याच्याच आसपासचं असेल.

"पोर बाळंतीन हाय माजी," ती म्हणाली. "पार गार पडलीय. शेकाया विस्तव पायजे व्हता."

आत्याचं माहेर तुडीलचं. तिन्हीसांजेला घरातला विस्तव बाहेर देत नाहीत, हे तिच्या अंगात भिनलेलं. त्यात घरची लेक दिवस भरत आलेली. पण बाळंतिणीसाठी मागायला आलेल्या बाईला नाही तरी कसं म्हणायचं? तिचा जीव तुटला. मग तिने गोड शब्दांत सांगितलं की ही गॅसची शेगडी, हिच्यात निखारे नसतात, विस्तव कुठून देऊ?

बाई ज्योतीकडे बघत राहिली. मग ह्यातून हा येतो कसा, असं तिने विचारलं.

झालं. काकांना तेवढंच हवं होतं. पुढे होऊन त्यांनी शेगडी बंद केली आणि तिला दाखवलं. ही चावी अशी फिरवायची, हे असं दाबायचं. टक... पेटली. परत बंद. टक... परत पेटली.

बाई फार मन लावून बघत होती. काकांच्या बोटाकडे.

"बेस हाय," ती म्हणाली. "येतंय मंग मी."

आणि आत्या म्हणाली, "या हं."

आपण सगळेच म्हणतो. निघणारा माणूस कधी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि आपण म्हणतो, या. आत्याच्या तोंडून ते सवयीने निघून गेलं.

बाई वळणाच्या कठड्याकडे गेली. तिथे खडी पसरलेली होती. पण पावलांचा आवाज आला नाही. काका कुतूहलाने बघायला गेले की कुठल्या वाडीतली असेल. कठड्यापलीकडे वाट नव्हती. सरळ दरी.

आत्याने पातेल्यात बोट घातलं. ज्योत इतका वेळ खाली जळत होती... आणि पाणी गारठणक होतं.

चहा न पिताच ते महाडला परतले.

पुढच्याच पहाटे आत्याला जाग आली. व्हॅन अंगणात, खिडकीखालीच उभी असते.

टक...

थोडा वेळ काही नाही. मग परत.

टक... टक...

काकांनी जाऊन पाहिलं. व्हॅनला कुलूप होतं. आत कोणी नव्हतं. उंदीर असेल म्हणाले. आत्या म्हणाली, तुम्हीच सांगता ना, बोटाने दाबल्याशिवाय वाजत नाही म्हणून.

रोज पहाटे तेच. कोणीतरी शिकत असल्यासारखं, चुकत, थांबत, परत दाबत. मग एके दिवशी गॅसचा वास आला. काका धावले. सिलिंडर त्यांनी स्वतः बंद केला होता, तो उघडा होता. शेगडीची चावीही फिरवलेली होती. ते जायच्या आत ठिणगी पडली असती तर... आत्याला पुढचं बोलवत नाही.

काकांनी सिलिंडर सोडवून मित्राकडे नेऊन ठेवला. शेगडी काढून पडवीत आणली, बटणाची वायर तोडली. आता तरी संपलं, असं वाटलं.

दुसऱ्या पहाटे आवाज पडवीतून आला. घराच्या जास्त जवळून.

त्याच दिवशी देवश्री माहेरी आली. आत्याने तिच्यापुढे अवाक्षर काढलं नाही, पण तुडीलला आपल्या मावशीला, जानकीबाईंना, फोन लावला आणि सगळं सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. विस्तव दिला नाहीस ना, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग ती निघताना तू काय बोललीस?

आत्याने सांगितलं.

"चारू गो, तू तिला या म्हनलीस. ती आली. आता तुझ्याच तोंडानं जा म्हनाया लागंल. दुसऱ्या कोनाचं ती ऐकायची नाय."

जा. एवढाच शब्द. पण तुम्ही तरी आठवून बघा, घराच्या उंबऱ्यात उभं राहून कधी कोणाला सरळ जा म्हटलंय का? आत्याने जन्मात म्हटलं नव्हतं. तरी पहाटे ती उठली. पडवीच्या दारात उभी राहिली. अंधारात शेगडीचा आकार दिसत होता.

टक...

आत्याने तोंड उघडलं. आणि आतून देवश्रीची हाक आली. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

लेक अडलेली असताना घरात 'जा' हा शब्द कोण उच्चारेल? आत्याने ओठ घट्ट मिटले आणि आत धावली.

सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा आत्या पहिली रात्र जागीच होती. पहाट झाली... काही नाही. दुसरीही पहाट शांत. बटण वाजायचं थांबलं होतं. तिला वाटलं, बाळ घरात आलं आणि ती बाई निघून गेली. तिने देवापुढे साखर ठेवली.

आत्या रोज सकाळी, न्हाणं झालं की, देवश्रीला शेक द्यायची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, आणि गरम फडक्याने कंबर शेकायची. साताठ दिवस असेच गेले. मग एकदा शेकता शेकता देवश्री डोळे मिटून म्हणाली, "आई, ह्या शेकापेक्षा तुझा पहाटेचा जास्त बरा वाटतो गं. आत हाडापर्यंत जातो."

आत्याचा हात थांबला.

"पहाटेचा?"

"रोज तर देतेस."

आत्या पहाटे उठत नव्हती. उलट ती पहाट सरेपर्यंत मेल्यासारखी झोपायला लागली होती, आणि तिला त्याचंच नवल वाटत होतं. तिने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं की मी तेव्हा काही बोलते का गं.

फार नाही, देवश्री म्हणाली. "अंगात ऊब धरली की घरी जाऊ, म्हणतेस. मी म्हटलं, घरीच तर आहोत आपण. तर नुसती हसलीस."

त्या बाईला विस्तव मिळाला होता. आणि शेकायला पोरही मिळाली होती.

त्या रात्रीपासून आत्या लेकीच्या उशाशी बसते. काका दाराशी खुर्ची टाकतात. कॉफी पितात, डोळ्यांवर पाणी मारतात. पण पहाटे कधीतरी डोळा लागतोच, दोघांचाही एकाच वेळी. जाग येते तेव्हा बाजेखालच्या शेगडीतली राख गरम असते. काकांनी ती पडवीतली शेगडी बटणासकट बिरवाडीच्या भंगारात देऊन टाकली. काही फरक पडला नाही. पुण्याला पाठवून द्यायचं म्हटलं, तर देवश्रीच हटून बसली की सव्वा महिना होईपर्यंत मी आईला सोडून जाणार नाही.

मी आत्याला म्हटलं, मावशी म्हणाल्या तसं जा म्हणून टाक ना एकदाचं.

"आधी म्हणायला हवं होतं गं," ती म्हणाली. "आता जा म्हटलं तर ती एकटी जाईल का?"

तुमच्यापैकी कोणाकडे ह्याचं उत्तर असेल तर खरंच कळवा.

सव्वा महिना होत आलाय. काल दिवेलागणीला आत्याचा फोन आला, आवाज दबलेला. देवश्री बाळाची झबली, दुपटी घडी घालून पिशवीत भरत होती. जावई न्यायला यायला अजून अवकाश आहे, म्हणून आत्याने विचारलं, एवढ्यात कसली गं बांधाबांध?

देवश्री हसत म्हणाली, "असं काय करतेस आई? पहाटे तूच म्हणालीस ना, ऊब धरली, आता उद्या निघू."