शालूताईची गाडी का तापते?

“बंद गाडी गुणगुणून राह्यली,” अंजूची धाकटी बहीण पायल पळत येऊन म्हणाली.

अंजू आणि तिचा मामेभाऊ सोमेश्वर ओसरीवर डोकं धरून बसले होते. दिवाळीची सुटी, पण फटाक्यांत कुणाचं लक्ष नव्हतं. अंजूची थोरली बहीण शालू जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, सुटीला घरी आलेली. तिने हौसेने स्पोर्ट मोटरसायकल घेतलेली. रविवारी संभाजीनगरला मुलींच्या रेसिंग संघाची निवड, आणि नेमकी आता गाडी तापायला लागली होती! चार-पाच किलोमीटर गेलं की लाल दिवा लागायचा. सकाळी बॅटरीही उतरलेली असायची. “पोरीनं पळवून पळवून इंजिन जाळलं,” असं म्हणत बाबांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक उद्या येणार होतं.

“पळवल्यानं कशी बिघडेल?” सोमेश्वर म्हणाला. गाड्यांची माहिती त्याला पाढ्यांपेक्षा पक्की पाठ. “दोनशे सीसी, एकच सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर. वजन दीडशे किलोच्या आत. पळायसाठीच बनवलीय ती. इंजिन तापलं की पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन गार होतं. त्याच्यामागं पंखा असतो.”

“मंग गुणगुणतो तो पंखाच,” अंजू उठली. “पण ताई तर येऊन जेवायला बसलीय. चावी कुणी फिरवली?”

तिघं शेडकडे धावले. बाबांच्या भावाने, भुजंगकाकांनी, खरेदी केलेल्या कापसाचा ढीग पत्र्याला टेकला होता आणि गाडीचं तोंड ढिगाकडेच होतं. काका मोबाइल खिशात घालत दुसऱ्या दाराने बाहेर पडत होते. हँडलजवळच्या मोबाइल चार्जिंगच्या भोकाचं झाकण उघडंच होतं. सोमेश्वरने पुढच्या चाकामागे बोट घातलं. रेडिएटरवर कापसाच्या तंतूंची गोधडी बसली होती.

अंजूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी तापून आली, की काका चावी फिरवून मोबाइल लावतात. इंजिन बंद, पण गरम. म्हणून पंखा चालतो आणि समोरचा कापूस ओढून घेतो. बॅटरी उतरते तीही त्यामुळेच.

ती बाबांकडे गेली. बाबांनी, म्हणजे भारतरावांनी, ते मानलं नाही. “कापसाच्या घरात कापूस असणारच. मिस्त्रीनं प्लग बदलला, त्याला न्हाई दिसलं ते तुला दिसलं व्हय? अन् काकाचं नाव घ्यायचं न्हाई.”

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. अंजूला रागच आला. पण काकांचं नाव न घेताही काम होणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक आलं, भोकरदनचा संपत. फाट्यापर्यंत चक्कर मारून परतला तेव्हा लाल दिवा लागलेला होता. “इंजिनचा खर्चा निघणार, भारतभाऊ,” तो शेडमध्ये गाडी लावत म्हणाला. शालूने मान खाली घातली.

“काका, तुमचा मोबाइल किती टक्के राह्यला?” अंजूने भुजंगकाकांना सहज विचारलं.

“तीन. अन् लाइट बी आत्ताच गेली.”

“मंग आता कुठं लावता?”

“ही हाय की,” म्हणत भुजंगकाकांनी चावी फिरवली आणि मोबाइल लावला, सगळ्यांच्या देखत.

पंखा घरघरला. अंजूने मूठभर पिंजलेला कापूस हवेत सोडला. तो तरंगत गेला आणि रेडिएटरला जाऊन चिकटला. ढिगावरचे तंतूही एकेक करून त्याच वाटेने निघाले.

“आरं देवा,” काका पुटपुटले. “ह्यो कापूस बी खातो, हे मला कुठं म्हाईत?” त्यांनी मोबाइल काढून घेतला.

सोमेश्वरने सायकलचा पंप आणि जुना दातांचा ब्रश आणला. मागच्या बाजूने हवा मारली तशा पांढऱ्या पट्ट्या सुटून पडल्या. तासाभराने शालू पिंपळगाव रेणुकाईच्या देवळापर्यंत जाऊन आली. तापमानाचा काटा निम्म्यावरून हलला नव्हता.

“आता तर मला पाहिजेच ही गाडी,” संपत म्हणाला.

“विकायची न्हाई,” भारतराव म्हणाले. मग मुलांकडे वळले. “शाब्बास रे. काकाला बोल न लावता त्याच्याच हातानं दाखवलंत. बिलकुल बराबर केलं.”

भारतराव शालूसमोर येऊन उभे राहिले. “मी तुला विचारलंच न्हाई, बाई. सरळ तुझाच दोष धरला. चुकलं माझं. रविवारी मी येतो संग.”

“ह्याच गाडीवर?” शालूला हसूही आलं आणि डोळेही भरले. “मागची सीट भाकरीएवढी हाय, बाबा.”

“असू दे,” भारतराव म्हणाले. “तुला घट्ट धरून बसन.”