कपाटामागची ओल

खोटं वाटत असेल तर हडपसरला या, खोली दाखवते. मी तिथेच राहते.

फ्लॅट माझ्या मामेभावाचा, साईनाथचा; त्याच्याकडूनच आम्ही विकत घेतला. बघायला गेलो तेव्हाच मागच्या खोलीत ओलसर वास आला. माझा नवरा तेजस हळूच म्हणाला, "ते कपाट सरकवून बघूया का?"

मी डोळ्यांनीच दटावलं. माहेरच्या माणसाला कपाट सरकव म्हणायचं?

"बाथरूमची ओल आहे, ताई," साईनाथ म्हणाला. "वॉटरप्रूफिंग करून देतो. भावावर विश्वास आहे ना?"

होता. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

वसुबारसेला राहायला आलो. संध्याकाळी मी दिवा लावत होते आणि मागच्या खोलीतून आवाज आला...

थप्... थप्...

खोलीत कुणीच नव्हतं.

तेजसनं कपाट ओढलं. मागे भिंतीवर ओल होती. पलंगाच्या उंचीवर... तळहाताएवढी.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, बजरंग. "ताई, ह्या भिंतीत पाइपच नाय. बाथरूम पार तिकडं हाय."

त्याच संध्याकाळी शेजारच्या सत्यशीलाकाकू फराळ घेऊन आल्या. थाप ऐकली आणि त्या दारातच थांबल्या.

"साईनाथच्या आई अशाच थापा मारायच्या," त्या म्हणाल्या. "अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. तहान लागली की भिंतीवर थाप. हा बाहेरून कुलूप लावून दिवसभर कामाला. इथेच गेल्या हो त्या."

माझी शकूमामी!

लोणी काळभोरच्या घरी तिला सांभाळायला बाई ठेवलीय, मजेत आहे, असं तो सांगायचा. ती गेल्याचंसुद्धा त्यानं दहावं उरकल्यावर कळवलं. मला मांडीवर घेऊन भरवणारी मामी. भिंतीचं फसवलंस ते एक वेळ सोडलं असतं रे. मला तिच्यापर्यंत पोचू दिलं नाहीस.

त्या संध्याकाळी मी भिंतीपाशी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. थापा थांबल्या.

सकाळी तांब्या रिकामा होता...

मग मी रोज ठेवायला लागले. रोज रिकामा. भिंत हळूहळू सुकली.

गेल्या आठवड्यात साईनाथचा फोन आला. "ताई, तुझा तो प्लंबर पाठव ना. नव्या घरात ओल आलीय."

"पलंगाच्या उंचीवर?"

फोनमधून मागचा आवाज ऐकू येत होता...

थप्... थप्...

"पाणी ठेव तिच्यापाशी," मी म्हणाले.

"कुणापाशी?" त्यानं विचारलं.

मी फोन ठेवून दिला.

त्या दिवसापासून आमच्याकडचा तांब्या सकाळी भरलेलाच असतो. तरी मी रोज ठेवते. तिकडे तिला पाणी कोण देणार?