पांढरीचं पाणी

घराची आखणी पंचशीलानं स्वतः केली. नवरा साहेबराव गवंडी होता, पण मापं तिचीच पक्की असायची. बारा हात लांब, नऊ हात रुंद, दार उगवतीला. एरवी अशा आखणीला चुन्याची फक्की ओढतात. इथं जमीनच पांढरीफटक, तिच्यावर फक्की दिसणार कशी? म्हणून तिनं कोळसा कुटला आणि त्याची पूड दोरीच्या कडेनं सोडत गेली. चौकोन पुरा झाला तशी सात वर्षांची यशोधरा त्यात मधोमध पाय पसरून बसली. "माय, घर झालं," म्हणाली.

निलंग्याहून अडीच कोसांवर कासारमाळ नावाचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला ही चुनखडीची जुनी खदान. कुणा शेठनं वीस-बावीस वर्षं ती खणली, तिथंच भट्ट्या लावून चुना भाजला. मग एके दिवशी तळातून पाणी फुटलं आणि तो सगळा पसारा टाकून निघून गेला. मागं राहिला खड्ड्यातला हिरवट-निळा डोह, ढासळलेली भट्टी आणि आठ-दहा एकरांवर पसरलेला चुन्या-राखेचा थर. तिथं गवत धरत नव्हतं. शेळ्या कडेपर्यंत येऊन माघारी फिरायच्या. गावातली माणसं थट्टेनं तिला 'पांढरी' म्हणायची. खरी पांढरी म्हणजे गावठाण, माणसांनी वसायची जागा. या पांढरीवर कधी कुणी चूल पेटवली नव्हती.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. कचेरीतल्या जुन्या कागदांवर उस्मानाबाद छापलेलं असायचं, ते शाईनं खोडून वर लातूर लिहीत. नव्या जिल्ह्याला नवा रस्ता हवा होता आणि तो बरोबर कासारमाळच्या बौद्धवाड्यातून निघाला. अकरा घरं उठली. बदल्यात पांढरीवर अकरा जागा मिळाल्या. अट एकच होती. मे महिन्याच्या अखेरीला घर उभं आणि माणसं राहती दिसली पाहिजेत, नाहीतर जागा सरकारजमा. नऊ घरांनी येऊन जागा पाहिली, पायानं माती उकरली आणि कुणी लातूरची, कुणी हैदराबादची वाट धरली. राहिली दोन. एक साहेबरावचं आणि दुसरं व्यंकटी म्हाताऱ्याचं. व्यंकटी एकटा जीव. तरणा होता तेव्हा याच खदानीत सुरुंगाची भोकं पाडायचा.

पंचशीलाचा भाऊ नांदेडला रेल्वेत होता. पण त्याची एक खोली आणि तिच्यात सहा माणसं. शिवाय हिचं नाव जन्मात पहिल्यांदा एखाद्या जागेच्या कागदावर आलं होतं, नवऱ्याच्या नावाशेजारी. तो कागद ती सातवीच्या दाखल्याबरोबर पेटीच्या तळाशी ठेवायची. लोक म्हणाले, ती जागा बाधते. तिच्या वडिलांनी लहानपणीच तिला शिकवलं होतं, कुणी भुताचं सांगितलं तर आधी विचारायचं, तू स्वतः पाहिलंस का. तिनं विचारलं. कुणीच पाहिलेलं नव्हतं.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गावचा तलाव तळापर्यंत आटला होता, आणि त्याचा यांना एवढाच उपयोग झाला की तळाचा काळा गाळ उघडा पडला. किराणा दुकानवाले ईश्वरप्पा भला माणूस. त्यांनी बैलगाडी दिली आणि आपल्या विहिरीवरून रोज दोन घागरी न्यायची मुभाही दिली. पांढरा थर हातभर खरवडायचा, टोपल्यांनी डोहाकडेच्या खड्ड्यात टाकायचा आणि त्या जागी तलावाचा गाळ भरायचा. पौषापासून हेच काम. चुन्यानं बोटांची पेरं फाटायची. संध्याकाळी सगळी करडईचं तेल चोळत बसायची, आणि सासू धुरपताबाई नातीच्या तळपायांना आधी लावून मग स्वतःच्या.

डोहाचं पाणी मात्र उन्हाळा चढला तरी बोटभरही उतरलं नव्हतं. पंचशीलानं एक बाटली भरून निलंग्याच्या सरकारी दवाखान्यात तपासायला दिली. वीस दिवसांनी चिठ्ठी आली. पिण्यास अयोग्य, जनावरांसही अयोग्य. तिनं ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. व्यंकटीनं ऐकून घेतलं आणि डोहाकडे बघत नुसती मान हलवली.

पुढं चैत्रात तिच्या ध्यानात आलं की व्यंकटी कामावर येताना पाण्याचा भोपळा आणत नाही. सत्तरीचा माणूस, दुपारच्या उन्हात टोपलीवर टोपली वाहायचा आणि त्याच्या अंगाला घाम नसायचा. हातांच्या भेगा भरून आल्या होत्या. नखांच्या मुळाशी तेवढी एक बारीक पांढरी रेघ होती.

"व्यंकटीमामा, पाणी पिऊन राहिलात ना तुमी?" तिनं विचारलं.

"तहान लागत न्हाई आता," तो म्हणाला. आणि टोपली डोक्यावर घेतली.

त्याच आठवड्यात ईश्वरप्पा स्वतः चालत वर आले. विहिरीत गाळ लागला होता, त्यांच्या घरीच प्यायला पाणी उरलं नव्हतं. दोन्ही हात जोडून ते सांगत होते आणि त्यांचे ओठ फुटलेले होते. त्यानंतर पाणी म्हणजे फाट्यावर येणारा टँकर. दीड कोस चालत जायचं, तोही तिसऱ्या दिवशी येणार, आणि आला तर घरटी एक घागर. पंचशीलानं दिवसाच्या वाट्या ठरवून दिल्या. यशोधराला चार, साहेबरावला तीन, सासूला आणि स्वतःला दोन-दोन. भिंतीच्या मातीला लागेल ते पाणी डोहातून घ्यायचं ठरलं. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं.

धुरपताबाई आपल्यातली एक वाटी गुपचूप नातीला पाजायच्या. वैशाखाच्या सुरुवातीला त्यांनी अंथरूण धरलं. जीभ टाळ्याला चिकटायची, बोलणं कळायचं नाही. एका दुपारी पंचशीला टँकरवरून परतली तर अंथरूण रिकामं. म्हातारी डोहाच्या काठावर बसली होती, हात कोपरापर्यंत ओले, पदर भिजलेला. हाक मारली तशी उठली आणि चढण चढून सरळ चालत आली. काठी हातात होती, पण ती टेकवत नव्हती.

"आत्याबाई, पाणी पिलात?"

"गोड हाय," धुरपताबाई म्हणाल्या.

पंचशीला तीन दिवस त्यांच्या उशाशी बसून उलटीची, जुलाबाची वाट बघत राहिली. झालं काहीच नाही. वीस वर्षांचा खोकला थांबला. म्हातारी टोपल्या वाहू लागली. पाण्यात कसले तरी क्षार असतील, काहींना मानवत असतील, असं तिनं मनाशी धरलं. पण दुरडीतली भाकरी तशीच राहत होती. आणि एकदा सासूजवळ बसली असताना तिला दिसलं, की माश्या यशोधराच्या तोंडावर बसतात, तिच्या स्वतःच्या हातावर बसतात, आणि धुरपताबाईंवर एकही बसत नाही.

मग साहेबराव. तिनं त्याला पिताना पाहिलं नाही, पण घागर तिसऱ्या दिवशीही अर्धी भरलेली दिसली.

"तुमी बी?" तिनं विचारलं.

साहेबराव भिंतीला ओळंबा लावत होता. तो फिरला नाही. "महिना राहिला हाय. घोटाघोटानं पाणी पिऊन भिंत उभी राहत नसती," तो म्हणाला. "काई होत न्हाई, पंचशीला. तहान जाती. एवढंच."

भिंती भराभर उठल्या. तो दिवसात एकदाही दमत नव्हता. पूर्वी वीट वाकडी बसली तर चिडायचा, यशोधरानं माती सांडली तर रागवायचा आणि मग तिला खांद्यावर घेऊन फिरवायचा. आता चिडत नव्हता आणि मुलीला उचलतही नव्हता. ऊन डोक्यावर आलं की तो, सासू आणि व्यंकटी काठावर जाऊन ओळीनं बसायचे. थोड्या वेळानं सगळे एकदम उठायचे.

पंचशीलानं यशोधराला आपल्या पदराशी बांधल्यासारखं ठेवलं. टँकरला न्यायची, गाळाला न्यायची. डोहाकडे गेलीस तर मारीन म्हणाली.

वैशाखाच्या मध्यावर पोरीला ऊन लागलं. अंग भट्टीसारखं तापलं, डोळे वर गेले. मागच्या खेपेला टँकर आलाच नव्हता, घागरीत पाणी नव्हतं. टँकरचा दिवस होता, पण दीड कोस तापलेल्या मुलीला उचलून नेणं म्हणजे वाटेतच तिला घालवणं. पंचशीलानं सासूच्या पायावर डोकं ठेवलं.

"हिला काई पाजू नका. मी आत्ता आले."

"जा," धुरपताबाई म्हणाल्या.

ती गेली ती पळतच. फाट्यावर शंभर माणसांची रांग होती. तिनं हातापाया पडून पुढं जागा मिळवली. येताना घागर सांडू नये म्हणून पळता येत नव्हतं आणि हळू चालवत नव्हतं.

यशोधरा दारात बसलेली होती. ताप उतरला होता. ओठ ओले होते आणि ओठांच्या कडेला पांढरं वाळलं होतं.

"माय, तहान गेली," ती म्हणाली.

पंचशीलानं घागर खाली ठेवली. सासूला काही बोलून ते त्या चेहऱ्याआड कुठं पोचणार, हे तिला दिसत होतं. शिवाय पोर जिवंत होती. ती स्वतः घरी असती तर तिनं काय केलं असतं, हे तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर येण्याआधी उठून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ती पोरीला घेऊन निलंग्याला गेली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. रक्त तपासायला बोटाच्या टोकाला सुई टोचली आणि दाबलं. मग दुसऱ्या बोटाला टोचली. यशोधरा शांतपणे बघत होती. डॉक्टरांनी तिसरं बोट धरलं आणि न टोचता सोडून दिलं. नळाखाली बराच वेळ हात धुतले. "लातूरला न्या," ते म्हणाले. "आजच न्या."

लातूरची बस उभी होती. पंचशीलानं पोरीला खिडकीशी बसवलं. निलंग्याबाहेरचा पूल ओलांडला आणि यशोधराचा हात खरखरीत लागायला लागला. बघता बघता तो कोपरापर्यंत पांढरा झाला, उन्हात वाळलेल्या गाळासारखा तडकत गेला. भेगांमधून काहीच आलं नाही. पोर रडत होती आणि डोळ्यांत पाणी नव्हतं.

"माय, घरी," ती म्हणाली. "घरी ने."

पंचशीलानं बस थांबवली.

परत येताना पांढरीच्या कडेशी पोचेपर्यंत भेगा मिटल्या होत्या.

मग तिनं ठरवलं, धुऊन काढायचं. जे आत गेलं ते निघेल, नाही निघालं तर वरचं तरी निघेल. पाच दिवस तिनं स्वतः दिवसाला एकच वाटी पिऊन घागरीतलं बाकी सगळं पाणी साठवलं. स्वतःचे ओठ फुटले, बोलताना जीभ अडखळायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी तिनं यशोधराला दगडावर बसवलं आणि टँकरचं ते स्वच्छ पाणी तांब्यानं तिच्या खांद्यावर ओतलं.

चरचर आवाज झाला.

खांद्यावरून, दंडावरून, पाठीवरून वाफ निघाली. बारीक, पांढरी, सरळ वर जाणारी. पंचशीलानं पोरीला हात लावला आणि तिचाच तळवा पोळला.

"भाजतं, माय," यशोधरा म्हणाली. रडली नाही. आईच्या हातातून तांब्या घेतला आणि बाजूला ठेवून दिला.

त्यानंतर पंचशीलानं काही करून पाहिलं नाही. पत्रे चढले. साहेबरावनं भिंतींना आतून-बाहेरून सफेदी दिली. व्यंकटीनं शेजारी आपली खोली उभी केली. ती टँकरला जायची, एकटीचं पाणी आणायची, एकटीची भाकरी थापायची आणि खाताना चौघांकडे पाठ करून बसायची. नांदेडला भावाला पत्र लिहायला घेतलं, पण काय लिहावं ते सुचेना. निघून जावं तर पोर इथं. पोरीला न्यावं तर वाटेत माती. दुपारी काठावर ओळ बसायची, आता चौघांची. ओळीच्या टोकाला एक जागा रिकामी सोडलेली असायची.

मेच्या एकोणतीस तारखेला तलाठी शेषेराव पाहणीला आले. भरदुपारची वेळ, डोक्याला ओला रुमाल, बूट पांढरे झालेले. ते दमून ओट्यावर बसले आणि घराकडे बघतच राहिले. इतकं देखणं काम त्यांनी सरकारी जागेवर पाहिलं नव्हतं. मांडीवर कागद घेऊन त्यांनी नावं विचारली. साहेबरावनं सांगितली. माणसं समोर उभी होती, ती त्यांनी बोटानं मोजली.

"खरं सांगू का, वाटलं न्हवतं मला," शेषेराव म्हणाले. "लई केलंत तुमी." मग पेनाचं टोपण काढता काढता त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

पंचशीला उठली. तिच्या घागरीत तळाला तांब्याभर होतं. ती आत वळेपर्यंत यशोधरा बाहेरून तांब्या घेऊन आली. काठोकाठ भरलेला, बाहेरून दव आल्यासारखा गार. तिनं तो दोन्ही हातांनी पुढं केला, मोठ्या माणसाला द्यावा तसा.

पंचशीला उंबऱ्यात उभी होती. कागदावर सही व्हायची होती. पेन शेषेरावांच्या बोटांत होतं. तिनं तोंड उघडलं. जीभ कोरडी होती, पण एवढा एक शब्द तिला नक्की बोलता आला असता.

ती बोलली नाही.

शेषेरावांनी तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या. सही केली, तारीख टाकली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला. सगळं बरोबर होतं.

मग शेषेरावांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून नीट घडी करून बुटात घातले आणि त्या तापलेल्या पांढऱ्या जमिनीवर दोन्ही तळवे पुरते टेकवले.

"कसं गार लागून राहिलं," ते म्हणाले.