दोन कुलपांचं गोदाम

ही गोष्ट रात्रीची नाही. भर उन्हातली आहे, आणि खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

साल १९७४, मे महिना. धरणगावजवळची एक डिस्टिलरी. नाव लिहीत नाही, मालकांशी भांडायची मला हौस नाही.

माझे चुडामणमामा तिथे दारूबंदी खात्याचे सब-इन्स्पेक्टर होते. माणूस कडक आणि तिरसट. कारखान्यात त्यांचं कोणाशी पटत नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्याशीही नव्हतं.

स्पिरिटच्या गोदामाला दोन कुलपं असायची. एक कारखान्याचं, एक सरकारचं. सरकारी कुलपावर मामांचं लाखेचं सील. दोन्ही किल्ल्या असल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि सील तोडलं तर वर कारण कळवायचं.

उन्हाळ्यात आत स्पिरिटची वाफ कोंडायची. बंद दाराआड माणूस फार वेळ टिकला नसता.

एका दुपारी गोदाम बंद झालं. सील लागलं. मामा वळले...

आतून कोणीतरी दार ठोठावलं.

"साहेब... दार उघाडा हो. मी मजार शे."

आवाज अभिमनचा होता. टाक्यांवर काम करणारा मजूर. मजार म्हणजे आत.

मामांनी घाईघाईने सील तोडलं. मॅनेजर प्रकाशचंदांनी आपलं कुलूप काढलं.

आत... कोणीच नव्हतं.

आणि अभिमन? तो मागच्या नळावर पाय धूत होता. हाका ऐकून धावत आला.

"मी ते आठेच व्हतू, साहेब!"

मजूर तोंड लपवून हसले. प्रकाशचंदांनी तेवढ्यावर सोडलं नाही. विनाकारण सील तोडलं म्हणून वर तक्रार केली. मामांना लेखी ताकीद आली. पुन्हा असं झालं तर नोकरी गेली असती. सगळ्यांनी मिळून आपला पोपट केला, असं मामांच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढचा शनिवार. दुपारी माल मोजून झाला. मामा दारात उभे राहून ओरडले, "सगळे बाहेर आले का?"

अभिमन समोर निंबाच्या सावलीत उभा होता. मामांनी स्वतः पाहिलं. प्रकाशचंदांनीही पाहिलं.

कुलपं लागली. सील लागलं.

आणि पुन्हा...

ठक. ठक.

"साहेब, दार उघाडा... मना जीव घाबरी ऱ्हायना..."

मामांनी निंबाकडे पाहिलं. अभिमन तिथेच होता. त्यांच्याकडेच बघत होता.

"उघडा की साहेब," प्रकाशचंद म्हणाले. "मी आजच जळगावला तार करतो."

मामांचं टाळकं सरकलं. ते दाराला तोंड लावून ओरडले, "बोंबल किती बोंबलायचं ते! मी एकदाच फसलो!"

आतल्या थापा दारावरून हळूहळू खाली सरकत गेल्या...

मग थांबल्या.

मामा जेवायला गेले.

सोमवारी सकाळी दार उघडलं. अभिमन दाराला लागूनच पडला होता. नखं फाटलेली. डॉक्टर म्हणाले, शनिवारीच गेला.

त्याच्या बायकोला, भिकुबाईला निरोप गेला. ती आली ती भांडतच आली.

"खोटं नका सांगा साहेब! तो ते शनवारले घर उना. काल बठ्ठा दिन घरच व्हता. दोन्ही वख्त जेवना."

शनिवारी घरी आला, रविवारी दिवसभर घरीच होता, दोन्ही वेळा जेवला, असं ती सांगत होती.

कोणीतरी चादर बाजूला केली. तिने पाहिलं. मग मामांकडे वळली.

"मंग मी भाकर कोनले वाढी?"

कागदोपत्री तो अपघात ठरला.

मामांनी हे मला रिटायर झाल्यावर जामनेरला सांगितलं. ऐकून माझा संताप झाला. मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, "तुम्ही माणूस मारलात. कुलूप उघडायला हवं होतं."

मामा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तो माझ्यासमोर उभा होता रे. तू असतास तर उघडलं असतंस?"

मी तावातावाने 'हो' म्हणणार होतो...

अजून म्हणू शकलेलो नाही.